कुठं उभी होतीस?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत माण तालुक्यातल्या एका तरुणाचं पत्र होतं. कर्ज काढून त्यानं कॅमेरा घेतला, वर दोन लेन्स घेतल्या. रोज मोबाइलवर फोटो टाकतो, शे-दोनशे अंगठे येतात, पण काम म्हणावं असं काम येत नाही. 'पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय फोटोग्राफरला संधीच नाही का?' असं त्यानं विचारलंय. त्याच्या पत्राखाली तुमचं काही उत्तर नव्हतं, म्हणून मी लिहायला बसले. त्याला थोडं सांगायचंय आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. पत्र लांबलंय. जागेअभावी कापावं लागलं तर वरचं कापा, मागणं ठेवा.

फलटणला माझा स्टुडिओ आहे. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, तो १९८१ साली सुरू केला. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, आणि घरातलं माणूस गेलं की त्याचा एखाद्या घोळक्यातला चेहरा वेगळा काढून हार घालण्याजोगा मोठा करून देणं, हे आमचं काम. मी १९९८ साली, बारावी झाल्यावर, त्यांच्या हाताखाली उभी राहिले. तेव्हा लग्नाचे रंगीत रोल लॅबला जायचे, पण मला शिकवायला आण्णांनी काळा-पांढराच रोल दिला आणि मागच्या खोलीतली डार्करूम दिली. लाल दिवा, डेव्हलपर, हायपो, तारेवर चिमट्यांनी लटकवलेले ओले कागद. हायपोचा वास केसांना दोन-दोन दिवस राहायचा.

रोल छत्तीस फोटोंचा. धुऊन झाला की निगेटिव्हच्या पट्ट्या एकाच ब्रोमाइड कागदावर मांडून कॉन्टॅक्ट शीट काढायची. पोस्टाच्या तिकिटाएवढे छत्तीस फोटो एका पानावर. आण्णा भिंग घेऊन बसायचे आणि लाल पेन्सिलीनं फुल्या मारत जायचे. बोलायचे फार कमी. एकच प्रश्न असायचा: "हा काढताना तू कुठं उभी होतीस? आणि तिथंच का?" बहुतेक वेळा माझ्याकडे उत्तर नसायचं. गर्दीनं जिथं ढकललं तिथं उभी होते, एवढंच. मग फुली. पहिल्या वर्षभरात एका शीटवर तीनपेक्षा जास्त फोटो वाचलेले मला आठवत नाहीत.

त्या वेळी मला ते जाचक वाटायचं. आज तो तरुण संधी म्हणून जे शोधतोय, ते मला घरात, फुकट, रोज मिळत होतं. माझा फोटो कोणीतरी नीट बघत होतं आणि नाकारत होतं, आणि का नाकारला तेही सांगत होतं. अंगठा दाखवणारी शे-दोनशे माणसं हे काम करू शकत नाहीत. ती प्रेमानंच अंगठा दाखवतात, पण त्यातून पुढचा फोटो सुधारत नाही.

आण्णांच्या त्या प्रश्नानं मला पहिलं मोठं काम कसं दिलं ते सांगते. आपल्याकडे लग्न लागताना मुलीच्या आईनं ते बघायचं नसतं, मंगलाष्टकं चालू असताना ती तुळशीला पाणी घालते. हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. पण फोटोग्राफर त्या घटकेला कुठं असतात? सगळे स्टेजवर, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांच्या कोपरांतून वाट काढत. मीही कित्येक वर्षं तिथंच होते. २००९ च्या लग्नसराईत एका लग्नात मी स्टेज माझ्या असिस्टंटवर सोपवलं आणि कार्यालयाच्या मागच्या अंगणात गेले. तिथं पत्र्याच्या डब्यात लावलेली तुळस होती. नवरीची आई एकटीच होती. हातात तांब्या, पाणी घालून संपलेलं, आणि कान माईकच्या आवाजाकडे. 'शुभमंगल सावधान' ऐकू आलं तेव्हा तिनं पदरात बांधलेल्या अक्षता तुळशीवरच टाकल्या. मी तीन फोटो काढले आणि मागं सरले.

त्या बाईंनी तो फोटो बारा बाय अठराचा करून बैठकीत लावला. वर-वधूचा फोटो त्याच्या शेजारी, त्याहून लहान. पुढच्या हंगामात दोन घरांनी माझ्याकडे ऑर्डर देताना अल्बमची पानं किती, हेसुद्धा विचारलं नाही. "आईचा तसा फोटो काढाल ना?" एवढंच विचारलं. (आता आमच्या भागात नवरीच्या आईला तांब्या देऊन तुळशीपाशी उभं करतात आणि "मावशी, इकडं बघा" म्हणतात. तसा उभा केलेला फोटो मी काढत नाही. त्या बाईला ती घटका तिची तिला मिळाली पाहिजे.)

या धंद्यातलं तांत्रिक ज्ञानसुद्धा मला दुसऱ्याच्या डोळ्यांनीच मिळालं. डिजिटलवर आल्यानंतरची गोष्ट. एका रिसेप्शनचे दीडएकशे फोटो घरी येऊन उघडले तर प्रत्येकावर आडवे काळपट पट्टे. कॅमेरा बिघडला असं समजून मी रात्रभर झोपले नाही. गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवायचं? सकाळची पहिली एसटी धरून बारामतीला एका जुन्या फोटोग्राफरांकडे गेले. आण्णांच्या वयाचे, लग्नांच्या बाबतीत आमचे स्पर्धकच. त्यांनी फोटो बघून फक्त शटरचा वेग विचारला. मी तो सेकंदाच्या तीनशेवीसाव्या भागावर ठेवला होता. त्यांनी सांगितलं: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, स्वस्तातले एलईडी दिवे त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, शटर त्याहून जलद गेलं की पट्टे दिसतात. एकपन्नास किंवा एकशंभरवर (सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर) ये. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी पूजेला मी एकशंभरवर काढले आणि पट्टे गेले. रिसेप्शनचे मात्र गेले ते गेलेच, त्या घरचे पैसे मी परत केले. दुपारच्या लग्नात तांबड्या-पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली नवरीचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो, तिला मांडवाच्या तोंडाशी, उघड्या सावलीत घ्यायचं, हेही त्यांनीच सांगितलं. आता ते नाहीत. त्या दिवशी स्पर्धकाच्या मुलीला त्यांनी चहा पाजून शिकवलं, हे मी विसरणार नाही.

आता वारी. त्या तरुणानं लिहिलंय की त्याच्या भागात 'फोटो काढण्यासारखं काही नाही'. माझ्या गावात तर उलटं होतं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, पुढे तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं, मग फलटणचा मुक्काम. देशभरातून फोटोग्राफर येतात. मीही बारा वर्षं चांदोबाच्या लिंबाला जात होते. दोन रांगांमधून दौडणारा माउलींचा अश्व, चारही खूर अधांतरी, धूळ, पताका, हात जोडलेली माणसं. चांगले फोटो होते, मला त्यांचा अभिमान होता. त्यातले चाळीस मोठे प्रिंट घेऊन मी पुण्यात एका निवृत्त छायाचित्र संपादकांना भेटले. ओळख नव्हती. फोन करून विचारलं, त्यांनी वेळ दिली.

त्यांनी चाळीसातले अडतीस बाजूला केले. म्हणाले, "असे माझ्याकडे दरवर्षी गठ्ठ्यानं यायचे." मग विचारलं, "वारी तुमच्या गावात मुक्कामाला असते ना? मग यात तुमचं गाव कुठाय?" परतीच्या एसटीत जेजुरी येईपर्यंत मला नुसता राग होता. नीरेच्या पुलावर आल्यावर लक्षात आलं की आण्णांचाच प्रश्न पुन्हा आलाय. बारा वर्षं मी तिथं उभी होते जिथं सगळे उभे असतात.

पुढच्या वर्षी मी रिंगणाला गेलेच नाही. पालखी विमानतळाच्या मैदानावर उतरते आणि दिंड्या गावभर पसरतात, आमच्या आळीत तर घराघरांत. शेजारच्या घरी साठ बायका उतरल्या होत्या. एका एक्स्टेन्शन बोर्डावर लटकलेले तीस-चाळीस मोबाइल, प्रत्येकावर ओळखण्यासाठी बांधलेली वेगवेगळ्या रंगाची चिंधी. शाळेच्या भिंतीवर वाळत घातलेली नऊवारी लुगडी. पायाचे फोड बघणारा तरुण डॉक्टर आणि त्याच्या पुढ्यात लागलेली चपलांची रांग. पहाटे तीनला टँकरपाशी बायकांची आंघोळीची घाई असते. तिथं कॅमेरा काढायचा नाही हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, पण बाई म्हणून तिथं वावरायची मोकळीक मला होती आणि मोठ्या लेन्सवाल्या पाहुण्यांना नव्हती. आंघोळ उरकून मोटारसायकलच्या आरशात बघत कुंकू लावणाऱ्या आजींचा फोटो मला तिथं मिळाला, त्यांना विचारून काढलेला. पालखी बरडच्या वाटेला लागल्यावर मी मैदानावर परत गेले. नगरपरिषदेचे झाडूवाले पत्रावळींच्या ढिगांपुढे उभे होते. सगळे कॅमेरे माउलींबरोबर पुढे गेलेले, मैदानावर तेवढे तेच.

त्यातले सहा फोटो एका दिवाळी अंकानं घेतले. तीन हजार रुपये मानधन आणि प्रत्येक फोटोखाली नाव. आण्णा तेव्हा आजारी होते. अंक त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून सहाही फोटो बघितले आणि झाडूवाल्यांच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "इथं दोन पावलं पुढं जायला पाहिजे होतं." बरोबर होतं त्यांचं.

सुधारक ओलवे यांचं काम मला त्यानंतर नीट कळलं. मुंबईत वर्तमानपत्रासाठी फोटो काढता काढता त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचं आयुष्य वर्षानुवर्षं टिपलं. त्याच माणसांकडे ते पुन्हा पुन्हा गेले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पनवेलमध्ये वाढलेल्या ऐश्वर्या श्रीधर यांच्या काजव्यांनी लखलखलेल्या झाडाच्या फोटोची लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव स्पर्धेत २०२० साली दखल घेतली गेली. तो फोटोही आपल्या सह्याद्रीतलाच. आणि माणच्या दादा, तुझ्याकडे काही नाही असं कसं म्हणतोस? तुझ्या माणदेशातून मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी कुटुंबं, दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत वर येतात. घोड्यावर लादलेला संसार, त्यावर बसलेली कोंबडी, मागं चालणारी पोरं. एक वाडा निवड, त्यांची परवानगी घे आणि तीन वर्षं त्यांच्या मागं राहा. ग्रामीण भागातल्या अशा कामासाठी पत्रकार पी. साईनाथ यांनी उभं केलेलं 'परी' हे संकेतस्थळ २०१४ पासून आहे आणि ते मराठीतही निघतं. नेदरलँड्सच्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेला प्रवेश फी नाही. मात्र शेवटच्या फेरीत गेलेल्यांकडून ते मूळ रॉ फाईल (कॅमेऱ्यानं टिपलेली, काहीही फेरफार न केलेली) मागून तपासतात, तेव्हा जागा वाचवण्यासाठी रॉ पुसून टाकायची सवय असेल तर आजच सोड.

स्पर्धांवरून आठवलं. एका स्पर्धेला मी रिंगणाचा फोटो पाठवला होता. बक्षीस मिळालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात हायवेवर भल्यामोठ्या होर्डिंगवर तोच फोटो दिसला, खाली नाव नाही. फोन केला तर म्हणाले, नियम वाचा. वाचले. आलेला प्रत्येक फोटो, बक्षीस मिळो न मिळो, आयोजकांना कायमचा, कुठल्याही कामासाठी, मोबदल्याशिवाय वापरता येईल असं त्यात बारीक अक्षरांत होतं आणि त्याखाली मीच 'मान्य' केलं होतं. ती आयोजकांच्या जाहिरातीसाठी केलेली फुकट फोटोंची गोळाबेरीज होती, हे मला होर्डिंगखाली उभं राहिल्यावर कळलं.

त्यानंतर मी एका वकील गिऱ्हाइकाकडून १९५७ चा कॉपीराइट कायदा समजून घेतला. आपल्या धंद्यातल्या फार कमी लोकांना तो माहीत आहे, म्हणून लिहिते. तुम्ही स्वतःहून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही. पण कोणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, पैसे देणारा. हे कलम १७. म्हणजे लग्नाचे फोटो आपण आपल्या जाहिरातीला बिनदिक्कत वापरतो ते चूक आहे. मी तेव्हापासून ऑर्डरच्या पावतीवर एक ओळ छापली आहे: निवडक फोटो स्टुडिओत आणि इतरत्र दाखवायला हरकत आहे की नाही. गिऱ्हाईक तिथं सही करतं. काही जण हरकत घेतात आणि त्यांचे फोटो कपाटातच राहतात. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाही, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. आणि हक्क विकून टाकला तरी हा फोटो माझा आहे हे सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे काढणाऱ्याकडेच राहतो.

नावाचं मला इतकं का वाटतं? देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावानं छापून यायचे, कारण एका तरुण बाईच्या नावाला वजन नव्हतं. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०११ साली, वयाच्या ९८ व्या वर्षाकडे झुकताना. माझ्या पहिल्या काही लग्नांत मी कॅमेरा गळ्यात घालून उभी असताना लोक मला विचारायचे, "फोटोग्राफर कधी येणार?" फोटोखाली नाव येतं तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर छापलेलं असतं.

आता मागणं. आपल्याकडची वर्तमानपत्रं पूर, यात्रा, बैलगाडा शर्यत, गारपीट यांचे फोटो तालुक्यातल्या पोरांकडून मागवतात. रात्री अकराला फोन येतो, "पटकन पाठव." सकाळी फोटो छापून येतो, खाली 'सौजन्य: सोशल मीडिया'. पैसे तर नाहीतच. मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही, वर्तमानपत्र चालवणं आज किती अवघड आहे हे दिसतं. पण फोटोखाली नाव आणि गाव छापायला खर्च येत नाही. आणि थोडं का होईना, मानधन द्या. गारपिटीत भिजत गेलेल्या पोराच्या पेट्रोलपुरतं तरी.

दुसरं मागणं मला त्याहून मोलाचं वाटतं. महिन्यातून एकदा अर्धं पान द्या. त्यात तालुक्यातून आलेली एक चित्रकथा, पाच-सहा फोटोंची. आणि शेजारी तुमच्या छायाचित्र विभागातल्या कोणीतरी शंभर-दीडशे शब्दांत लिहावं, हे फोटो का घेतले. त्याच महिन्यात परत पाठवलेल्या एका फोटोबद्दलही लिहावं, नाव न घेता, की तो का नाही घेतला. तीन महिन्यांतून एकदा तुमचा माणूस जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात येऊन बसला, पोरं प्रिंट घेऊन आली आणि त्यानं आण्णांसारख्या फुल्या मारल्या, तर त्या एका दुपारी जे मिळेल ते हजारो रुपयांच्या लेन्समध्ये नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. कॅमेरा या देशात नवा होता तेव्हासुद्धा लोक एकत्र जमून एकमेकांचे फोटो बघत होते. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि कोणी कोणाचा फोटो क्षणभराहून जास्त बघत नाही.

आम्ही आमच्यापरीनं सुरुवात केली आहे. अमावास्येला लग्नाची तीथ नसते, त्यामुळे आम्हा स्टुडिओवाल्यांना सुट्टी. गेली चार वर्षं दर अमावास्येला संध्याकाळी सहा-सात जण माझ्या स्टुडिओत जमतात, फलटणचे, लोणंदचे, एक नातेपुत्याचा. ऑर्डरीसाठी आम्ही एकमेकांशी भांडतो, तरी त्या दिवशी येतात. प्रत्येकानं महिन्याभरातले दहा फोटो आणायचे, मोबाइलवर नाही, चार बाय सहाचे प्रिंट. सतरंजीवर मांडायचे. जो फोटो उचलला जाईल त्याच्या मालकानं आधी सांगायचं की तो कुठं उभा होता. आषाढी ते तुळशीचं लग्न हा चातुर्मास आमचा रिकामा काळ, तेव्हा पंधरवड्यानं भेटतो. माणचा तो तरुण आला तर त्याला जागा आहे. दहा प्रिंट घेऊन ये, दादा. लेन्स घरी ठेवलीस तरी चालेल.

पत्रात गिऱ्हाइकांच्या घरच्या गोष्टी आल्या आहेत, तेव्हा याखाली माझं नाव छापू नका. आमचे फोटो कधी घेतलेत तर त्यांच्याखाली मात्र ज्याचं त्याचं नाव छापा, गावासकट.

आपली नियमित वाचक,
एक स्टुडिओचालक, फलटण (जि. सातारा)